रस्त्याचे शास्त्र आणि रस्त्यावरचा माणूस



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा मला वाटले की, कामगार चळवळीवर बोलायचे असेल. चालक म्हणाले, ते तर तुम्ही बारा महिने गेटासमोर बोलतच असता, येथे काही निराळे सांगा. म्हणून मी रस्ता हा विषय घेतला. मी इंजिनियर नव्हे. माझी शाळा लौकर सुटली. पुढे रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांची संघटना बांधण्यात आयुष्य गेले. मजुरीचा दर कामाच्या मापावर ठरतो, आणि मोजमापाच्या वहीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही त्याला मजुरी मागता येत नाही. त्यापायी इंजिनियरांची पुस्तके उसनी आणून, एकेक शब्द विचारून घेऊन वाचावी लागली. वाचता वाचता गोडी लागली. त्या वाचनातले, आणि रस्त्यावर उभे राहून पाहिलेले, असे काही आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटरांचा. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. ज्या अहिल्याबाईंचे हे नाव, त्या १७२५ साली याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चोंडी येथे जन्मल्या. वाटसरूंसाठी विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधणारी बाई म्हणून सारा देश त्यांना ओळखतो. तेव्हा रस्त्याचा आणि वाटसरूचा विचार या जिल्ह्याला परका असू नये. शिवाय नगर शहर म्हणजे वाटांचा तिठा नव्हे, अठरा वाटांचे जाळे आहे. पुणे, कल्याण, मनमाड, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर, दौंड, या सगळ्या दिशांच्या वाटा येथे एकत्र येतात. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची, म्हणजे आपल्या एस.टी.ची, पहिली गाडी धावली ती नगर ते पुणे याच रस्त्यावर. त्या दिवसापासून खेड्यातल्या माणसाच्या आयुष्यात रस्ता आला असे म्हटले तरी चालेल. त्यापूर्वी त्याच्या वाट्याला वाट होती, रस्ता नव्हता.

वाट आणि रस्ता यांत फरक कोणता? वाट पायांनी पडते, रस्ता आखावा लागतो. आपल्या देशात आखणीचा विचार एकत्रितपणे सुरू झाला तो १९२७ सालच्या जयकर समितीपासून. मुकुंदराव जयकर हे मुंबईचे बॅरिस्टर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. त्यांच्या समितीने १९२८ साली सांगितले की, मोटारी वाढत चालल्या, रस्त्यांचा खर्च एकट्या प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना झेपणारा नाही. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांवर लावा. त्यातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ता निधी झाला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनियरांची संस्था निघाली. १९४३ साली नागपूरला सर्व प्रांतांचे मुख्य इंजिनियर जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग या ज्या पाच पायऱ्या आपण सरकारी फलकांवर वाचतो, त्या नागपुरात ठरल्या.

आता रस्त्याच्या शास्त्राकडे वळू. त्याचे दोन भाग आहेत. एक रस्त्याचा आकार: रुंदी किती, वळण केवढे, चढ कसा, पुढचे किती दिसावे. दुसरा रस्त्याचे अंग: खाली माती कसली, वर दगड किती, त्यावर डांबर की काँक्रीट. आधी आकार पाहू.

सपाट दिसणारा रस्ता सपाट नसतो. तो मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पालथ्या परातीसारखा. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण शेकडा दोन असतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सात सेंटीमीटर उंच, एवढेच. खडीच्या रस्त्याला अडीच ते तीन टक्के लागतो, कारण खडीत पाणी लौकर मुरते. हा बोटभर उतार पावसाचे पाणी कडेला ढकलतो. कडेच्या साइडपट्टीनेही ते पुढे गटारात दिले पाहिजे. साइडपट्टी डांबरापेक्षा उंच झाली की पाणी रस्त्यावर उभे राहते. खाली गेली की डांबराची कड उघडी पडते आणि तुटते. दुपदरी महामार्गाला सपाट मुलखात सात मीटर डांबर आणि दोन्ही अंगांना अडीच अडीच मीटर साइडपट्टी, अशी बारा मीटरांची रुंदी पुस्तकात दिलेली आहे. ही अडीच मीटर जागा कोणाची? पायी दिंडीची, सायकलवाल्याची, बंद पडलेल्या ट्रकची, शाळेत जाणाऱ्या मुलीची. तेथे खडीचे ढीग, टपऱ्या आणि झुडपे आली म्हणजे ही सारी माणसे डांबरावर येतात.

वळणाचे गणित आपण जत्रेत पाहिले आहे. मौत का कुआँ म्हणतात त्यात फटफटीवाला उभ्या भिंतीवर फिरतो आणि पडत नाही. वेगाने वळणारी वस्तू बाहेर फेकली जाऊ पाहते; तिला आत धरून ठेवायला एक तर टायरची पकड हवी, किंवा जमीनच आत कललेली हवी. म्हणून वळणावर रस्त्याची बाहेरची बाजू चढवतात. किती चढवायची? वेग दुप्पट झाला तर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो, आणि वळण दुप्पट मोठे केले तर तो निम्मा होतो. सपाट मुलखात ताशी १०० किलोमीटर वेगासाठी वळणाची त्रिज्या सुमारे ३६० मीटर हवी. घाटात एवढी जागा कोठली? तेथे ताशी ५० चा वेग धरून ८० मीटरांची त्रिज्या ठेवतात, आणि अगदी नागमोडी वळणाला ताशी २० चाच वेग धरलेला असतो. करंजी घाटात किंवा माळशेज घाटात फलकावर लिहिलेला वेग हा इंजिनियरने अंदाजाने टाकलेला आकडा नसतो. ५० साठी आखलेल्या वळणावर कोणी ७० ने गेला, तर वळण त्याच्याकडे जवळजवळ दुप्पट पकड मागते. ती पावसात मिळत नाही.

कोणी विचारील, मग बाहेरची बाजू आणखी चढवा की! येथे एक मौजेची गोष्ट आहे. आपल्याकडे सपाटीवर सात टक्के आणि डोंगरात दहा टक्के यापलीकडे चढवू नये असे बंधन आहे. कारण त्याच रस्त्यावरून उसाने डोक्यापर्यंत भरलेली गाडी बैलाच्या चालीने जाणार आहे. तिला वेग नाही, म्हणून बाहेर फेकणारा जोर नाही. रस्ता फार कलला तर ती आतल्या बाजूला उलटेल. म्हणजे कोष्टक करणाऱ्यांनी मोटारीचा वेग धरला, तशी बैलगाडीची चालही धरली. मला हे कळले तेव्हा त्या रुक्ष कोष्टकाविषयी आदर वाटला.

चढाचेही तसेच आहे. सपाट मुलखात ३० मीटरांत एक मीटर चढ, डोंगरात २० मीटरांत एक, हा नेहमीचा नियम. अवघड जागी थोडी सवलत मिळते. नागमोडी वळणावर मात्र चढ उलट कमी करून ४० मीटरांत एकावर आणतात. कारण वळणे आणि चढणे ही दोन्ही कामे एका वेळी इंजिनालाही जड जातात आणि बैलालाही जड जात. घाटात ट्रक अडकतो तो बहुधा अशाच जागी, जेथे डांबराचे थरावर थर चढून मूळचा उतार बिघडलेला असतो.

आणि आता दृष्टीचे गणित. रस्त्यावर अचानक काही आडवे आले तर गाडी थांबेपर्यंत पुढचा जेवढा रस्ता लागतो, तेवढा चालकाला आधीच दिसला पाहिजे. पाहून, उमगून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद जातात असे धरले आहे. त्या अडीच सेकंदांत ताशी ५० ची गाडी ३५ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागून थांबायला आणखी सुमारे २५. एकूण साठ मीटर. ताशी १०० च्या गाडीला हेच अंतर १८० मीटर लागते. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. चढावाच्या माथ्यावर, वळणाच्या आतल्या बाजूला बाभळी वाढल्या, कोणाच्या वाढदिवसाचा फलक लागला, की हे अंतर निम्म्यावर येते. रस्ता तोच, डांबर तेच; फक्त दिसणे बंद झाले. हंगामात दिवाळीनंतर आपल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या जोडट्रॉल्या चालतात. मागे तांबडा दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, उसाचे वाढे लोंबत असते. मोटारीच्या दिव्यात ते दिसते तेव्हा साठ मीटर उरलेले नसतात. अशा रीतीने गेलेली तरुण मुले या सभेतील अनेकांच्या गावची असतील.

पण मला त्या अडीच सेकंदांविषयी बोलायचे आहे. हा आकडा जाग्या माणसाचा आहे. अठरा तास चाक धरून बसलेल्या माणसाचा नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ साली झाला. तो २०२५ पर्यंत लागू होता. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, असे लिहिले होते. मी ट्रकचालकांना हा कायदा वाचून दाखवीत असे तेव्हा ते हसत. त्यांना पगार महिन्याचा नसतो, खेपेचा असतो. खेप लौकर संपली तर दुसरी मिळते. तेव्हा इंजिनियरने अडीच सेकंद धरून वळण आखले, आणि मालकाने खेपेवर पैसे ठेवून ते अडीच सेकंद काढून घेतले, असा हा व्यवहार आहे. अपघातानंतर पंचनाम्यात चालकाची डुलकी लिहिली जाते. खेपेचा दर लिहिला जात नाही.

आता रस्त्याच्या अंगाकडे येऊ. वरून दिसते ते डांबर म्हणजे रस्ता, असा आपला समज असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात मॅकॅडम नावाच्या गृहस्थाने सांगितले की, ओझे खरे तर खालची मूळ जमीनच वाहते. ती कोरडी ठेवली तर ती वाटेल ते ओझे वाहील. त्याच्या आधी खाली मोठमोठे धोंडे रचीत असत. त्याने बारीक, सारखी फोडलेली खडी घातली, ती एकमेकांत घट्ट बसू दिली, आणि रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवून पाणी बाहेर काढले. आपण ज्याला खडीकरण म्हणतो ते त्याच्याच नावाने आजही कागदावर 'वॉटर बाउंड मॅकॅडम' म्हणून लिहितात. डांबराचा थर हे मुख्यतः छप्पर आहे, आणि खडीचे थर म्हणजे चाकाखालचा दाब पसरवीत खाली नेणारे वासे. पाया मातीचा.

आणि ही माती आपल्या जिल्ह्यात एकसारखी नाही. अकोल्याच्या डोंगरात खडक, पारनेरच्या माळावर मुरूम, आणि गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, नेवासे या बाजूंना खोल काळी जमीन. ही काळी माय पिकाला जेवढी दयाळू, रस्त्याला तेवढीच कठोर. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांत हात जातो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते. वर्षातून एकदा उसासा टाकणाऱ्या या जमिनीवर तुम्ही काहीही पसरा, ते हलणारच. मातीची ताकद मोजण्याची एक कसोटी आहे. कॅलिफोर्नियात ती प्रथम निघाली म्हणून तिचे नाव त्या प्रांतावरून पडले. मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून ठेवतात, मग त्यात ठराविक जाडीचा दट्ट्या दाबतात, आणि उत्तम फोडलेल्या खडीच्या मानाने तिने किती टक्के विरोध केला ते पाहतात. आपली काळी माती बहुधा दोन ते चार टक्क्यांवर उतरते. चांगल्या मुरुमाचा आकडा याच्या कितीतरी पट असतो. म्हणून काळ्या रानात रस्ता करताना वरची माती काढून मुरूम भरावा, तो थराथराने पाणी मारून दाबावा, किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करावे, असे शास्त्र आहे. पाणी मारण्यालाही माप आहे. कमी पडले तर माती दबत नाही, जास्त झाले तर तिचा चिखल होतो.

यात आपल्याकडे आणखी एक भर आहे, पाटपाण्याची. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या कालव्यांनी ही बाजू हिरवी झाली. पण जेथे पाट आणि रस्ता शेजारी धावतात तेथे बारमाही ओल रस्त्याच्या पायाशी पोचते. मे महिन्यात, आभाळात ढग नसताना, तेथे रस्ता खचतो. शेतकरी चारी फोडून रस्त्याच्या गटारात पाणी सोडतो, किंवा शेतात जायला गटार बुजवून वाट करतो आणि खाली नळी टाकीत नाही. मी शेतकऱ्याच्या विरुद्ध बोलत नाही, मीही त्यांच्यातलाच. पण पाणी कोणाच्या बाजूचे नसते. ते भेगेतून आत शिरते, वरून चाक गेले की दाबले जाते, आणि खडीवरचे डांबर सोडवीत बाहेर येते. पहिला खड्डा असा पडतो. दुसऱ्या पावसात त्याच्या शेजारी दुसरा.

पाण्याच्या खालोखाल रस्त्याचा वैरी म्हणजे जादा ओझे. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. वेगवेगळ्या जाडीचे रस्ते गोलाकार बांधले आणि सैन्यातील चालकांकडून त्यांवर दोन वर्षे ट्रक फिरवले. त्यातून जे निघाले ते प्रत्येक नागरिकाने पाठ करावे असे आहे. आखावरचे, म्हणजे एक्सलवरचे, वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, चौपट होत नाही. ती सुमारे सोळापट होते. हिशेबासाठी ८.१६ टनांचा आख हे प्रमाण धरतात. आपल्या देशात मागच्या जोडचाकी आखावर पूर्वी १०.२ टनांची परवानगी होती, ती २०१८ साली ११.५ टन झाली. वजन वाढले शेकडा तेराच्या आत, झीज वाढली शेकडा साठाच्या वर. आणि हा कायद्यातला आकडा झाला. कायद्याबाहेर सोळा टन घातले तर तो एक ट्रक प्रमाण आखाच्या जवळजवळ पंधरापट झीज करून जातो. वीस वर्षांसाठी बांधलेला रस्ता मग चार पावसाळ्यांत का संपतो, याचे उत्तर नेहमीच ठेकेदाराच्या खिशात सापडते असे नाही. कधी ते काट्यावर सापडते.

पुन्हा मी माणसावर येतो. ऊस वाहणाऱ्याला पैसे टनावर मिळतात. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यात कारखान्याच्या फाटकापाशी ताटकळणे. तो एका खेपेत जास्त भरणार नाही तर काय करील? त्याला दंड करा, जरूर करा. पण दर असा ठेवा की नियमाइतके भरूनही त्याचे घर चालेल, आणि फाटकापाशी त्याचा दिवस वाया जाणार नाही. जादा ओझ्याचा प्रश्न पोलिसाच्या शिटीने थोडा सुटेल. बाकीचा दराच्या आणि वेळेच्या वाटाघाटीत सुटेल.

आता ज्यांच्या हातून रस्ता होतो त्यांच्याविषयी. १९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील किती घरांनी खडी फोडली हे वृद्ध मंडळींना सांगायला नको. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क रस्त्याच्या कडेला खडीच्या ढिगावर बसूनच महाराष्ट्राने मिळवला, असे मी नेहमी सांगतो.

डांबराचे काम त्याहून निराळे. नेहमीच्या प्रतीच्या डांबराचा माल १५० ते १६५ अंशांवर कालवतात, आणि तो नव्वद अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी रोलर पुरा फिरला पाहिजे. तेव्हा या कामात थांबणे नसते. माल आला की पसरायचा, गरम असतानाच. मोठ्या महामार्गावर हे यंत्राने होते. आडबाजूच्या रस्त्यावर आजही घमेले आणि फावडे आहे, आणि पायात गोणपाट गुंडाळलेले असते. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या रस्त्यावर एका मजुराचे दोन्ही पाय भाजले. ठेकेदार म्हणाला, हा माणूस माझा नव्हे, हजेरीपटावर याचे नाव नाही. खरेच नव्हते. दहा दिवस काम केलेल्या माणसाचे नाव कोणी लिहिलेच नव्हते. बरोबरच्या सात जणांनी, त्यांत चार बायका, पुढे येऊन जबाब दिले. तेव्हा लागू असलेल्या १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात असे होते की, ठेकेदाराकडून काम करवून घेणाऱ्या मूळ मालकावरही भरपाईची जबाबदारी येते. ते कलम दाखवल्यावर भरपाई मिळाली. पाय पूर्ववत झाले नाहीत. त्या सात जणांना पुढे त्या ठेकेदाराने कामावर घेतले नाही, हेही सांगितले पाहिजे. कारण जबाब देणे म्हणजे काय असते ते त्यावरून कळते.

रस्ता बांधणारा मजूर हा २०२५ पर्यंत १९९६ सालच्या बांधकाम कामगारांच्या कायद्याखाली येत असे. वर्षात नव्वद दिवस काम केलेल्या, अठरा ते साठ वयाच्या मजुराला मंडळाकडे नोंदणी करता येते. बांधकामाच्या खर्चावर उपकर बसतो तो याच माणसांसाठी. परंतु नव्वद दिवसांचा दाखला द्यायचा कोणी? हजेरीपटावर नाव नसेल तर दाखला नाही, दाखला नाही तर नोंदणी नाही.

आणि शेवटचा माणूस म्हणजे मैलकुली. तरुण मंडळींना हा शब्दही ठाऊक नसेल. रस्त्याचा ठराविक तुकडा एका टोळीच्या हवाली असे. रोहिणी लागण्यापूर्वी गटारे उघडायची, मोऱ्यांतला गाळ काढायचा, साइडपट्टी तासून उताराला आणायची, लहान खड्डा लहान असतानाच भरायचा, झाडांना गेरू आणि चुना लावायचा. या रोजंदारी माणसांना सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर आस्थापनेवर घेण्याची वाट १९६७ सालच्या कालेलकर निवाड्याने खुली केली, आणि तिच्यासाठी पुढे पुष्कळ लढे झाले. आता ती पिढी निवृत्त झाली. त्यांच्या जागी माणसे आली नाहीत. देखभाल ठेक्यात गेली. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तिच्या रस्त्यांची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराच्या करारातच असते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे. पण करार गटार उघडीत नाही. भर पावसात पोते डोक्यावर घेऊन, मोरीच्या तोंडाशी अडकलेले पालापाचोळ्याचे बूच काढायला माणूसच लागतो. अर्ध्या तासाच्या त्या कामाने जेवढा रस्ता वाचतो, तेवढा नंतर लाखो रुपयांच्या डांबराने वाचत नाही. मैलकुलीला अशिक्षित म्हणत. मॅकॅडमचे शास्त्र मात्र त्याच्या कुदळीत होते.

आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाने आता समृद्धी महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा पहिला टप्पा खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये मुंबईकडचा अखेरचा. एकंदर ७०१ किलोमीटर. सपाटीवर ताशी १५० च्या वेगासाठी आखलेला, १२० ची मर्यादा असलेला. इतके मोठे काम आपल्या माणसांनी केले याचा मला अभिमान वाटतो. तरीही तेथे प्राणघातक अपघात झाले. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे लक्ष सुटते, तापलेले झिजके टायर फुटतात. रस्ता उत्तम झाला म्हणजे माणसाचे काम संपले असे नाही, एवढे त्यावरून शिकायचे. आणि त्या महामार्गावरून उतरलेला माणूस शेवटी ज्या पावणेचार मीटरांच्या गावरस्त्याने घरी जातो, त्याकडेही त्याच डोळ्यांनी पाहायचे.

मग आपण करायचे काय? मला चार गोष्टी सुचतात. पहिली, गावात रस्त्याचे काम सुरू झाले की ग्रामसभेने अंदाजपत्रक मागावे आणि त्यात गटार व मोरी आहे का ते आधी पाहावे. डांबराची जाडी नंतर. दुसरी, वळणाच्या आतल्या बाजूची झुडपे आणि फलक गावानेच काढावेत. त्याला कोणाची मंजुरी लागत नाही, थोडा वाईटपणा घ्यावा लागतो. तिसरी, अपघात झाला की रातोरात उंच गतिरोधक घालू नये. त्याचेही माप आहे: ३.७ मीटर रुंद आणि मध्ये दहा सेंटीमीटर उंच, गोलाईचा, आधी फलक आणि वर पांढरे पट्टे. यापेक्षा आखूड आणि उंच केला तर रुग्णवाहिकेतल्या बाळंतिणीला आणि रात्रीच्या फटफटीवाल्याला तो दुसरा अपघात ठरतो. चौथी गोष्ट माझ्या धंद्याची. कामावर जा, आणि हजेरीपट पाहायला मागा. ज्या कामावर मजुराचे नाव लिहिलेले नाही, तेथे मुरुमाचे मापही खरे लिहिलेले नसते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. जो माणसे लपवतो तो थरही लपवतो.

मित्रहो, शास्त्राच्या पुस्तकातील प्रत्येक आकड्यात कोणी ना कोणी माणूस धरलेला आहे. अडीच सेकंदांत जागा चालक आहे, सात टक्क्यांत उसाची गाडी आहे, अडीच मीटरांत शाळेची मुलगी आहे, दीडशे अंशांत घमेलेवाली बाई आहे. इंजिनियरने आपला आकडा बरोबर मांडला तरी त्या आकड्यातला माणूस जागेवर आहे की नाही हे पाहण्याचे काम समाजाचे आहे. रोहिणी नक्षत्र आता जवळ आले आहे. उद्या घरी जाताना आपल्या वाटेवरची पहिली मोरी पाहा. तिचे तोंड बुजलेले असेल तर चार माणसे मिळवा आणि पावसाच्या आत ते मोकळे करा.